आपल्याच झाडाचे फोक

“घडी उलगडा, साहेब.”

“कसली घडी?”

“पँटची. पायाशी दुमडलीय ती.”

मोठ्या कचेरीतून पाहणीसाठी आलेल्या साहेबांनी फाटकाबाहेर टाकलेला पाय मागे घेतला आणि वाकून पँटच्या दुमडीत बोट फिरवले. आतून वाळुंजाचे एक पान निघाले, लांबट, सुरीच्या पात्यासारखे, कडेने पिवळे पडू लागलेले.

“एकच तर पान आहे!”

“एकेकच असतं, साहेब. आख्खं झाड कधी कुणाच्या पायात अडकून घरी गेलंय?”

मागे रांगेत उभ्या असलेल्या, पाला गोळा करणाऱ्या बायका फिसकन हसल्या. त्यांतली एक थोराड बाई म्हणाली, “तुम्ही स्वस्तात सुटलात, साहेब. आमच्या तर वेण्या सोडून बघतो हा. उगाच नाही चाळणी म्हणत याला.”

“चाळणी म्हणा नाहीतर सूप म्हणा,” फाटकावरचा तो राखणदार म्हणाला. साहेबांच्या हातातले पान त्याने चिमटीत धरून निळ्या पोत्यात टाकले. “पान काही फाटकाबाहेर जायचं नाही. बाह्या झटका, बाई.”

फाटकाच्या आत एके काळी भट्टी होती. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतले शिसे तिथे वितळवत, आणि उरलेली राख, आम्ल, काळा चिखल मागच्या उतारावर ओतून देत. भट्टी बंद पडली त्यानंतर कित्येक वर्षे त्या उतारावर गवताची काडीही रुजली नाही. पाऊस पडला की तिथले पाणी तेवढे इंद्रधनुष्यासारखे चमके आणि लोक त्याच्याकडे पाठ फिरवून चालत. मग जाणत्या माणसांनी ठरवले की ही माती झाडांकडून धुऊन घ्यायची. वाळुंज तहानलेले झाड. पाण्याबरोबर मातीतले शिसे-कॅडमियमसारखे धातूही ते मुकाट्याने पीत राहते. थंडीत ते बुडापासून कापायचे, बुंध्यातून नवे फोक, सरळ लांब डहाळ्या, फुटू द्यायचे, वाढले की तेही कापायचे. कापलेले सारे यंत्रात बारीक करून बंद पिंपांतून दूरच्या एका वेगळ्या भट्टीकडे पाठवायचे आणि तिथे उरलेली राख पुरून टाकायची. पानांचे काम त्याहून नाजूक होते. पान जमिनीवर पडून कुजले, की वर चढलेले पुन्हा खाली उतरणार आणि वर्षाची मेहनत शब्दशः मातीत जाणार. म्हणून पानगळीच्या दिवसांत झाडांखाली जाळ्या ताणलेल्या असत, बायका अलगद पाला उचलत, आणि तो फाटकाशी उभा राही. झाडाने जे गिळले ते जगात परत येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम होते. ते त्याने अशा निष्ठेने केले होते की स्वप्नातही तो बहुधा बाह्या झटकत असावा.

कचेरीच्या पाटीवर ‘प्रकल्प’ असे लिहिले होते. वस्तीतले लोक त्याला शिसवीची बाग म्हणत. शिसे पितात म्हणून झाडे शिसवी. खऱ्या शिसवाचा पलंग ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता, त्यांनीच हा विनोद केला होता. त्याच्या घरात मात्र पहिल्यापासून ‘आपली बाग’, ‘आपली झाडं’ असेच म्हणत. अगदी पहिल्या लागवडीचे फोक ओढ्याच्या वरच्या अंगाहून त्याने स्वतःच्या खांद्यावर वाहून आणले होते. वाळुंजाचा फोक ओल्या मातीत खोचला की तो मुळे धरतो. त्याला जगायला फारसे निमित्त लागत नाही.

त्याचे वडील टोपल्या विणत. तो त्यांना दादा म्हणे. भट्टी धडधडत होती तेव्हा फोडलेल्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या टोपल्यांतून वाहत आणि त्या टोपल्या दादांच्या हातच्या असत. धारदार पट्ट्यांनी टोपली आठवड्यात फाटे; फाटलेली घरी येई, अंगणात दुरुस्त होई, परत जाई. त्या करड्या भुकटीने अंगण माखलेले असे, आणि कुणाला त्याचे काही वाटत नसे. तेव्हा त्याची धाकटी बहीण रांगत होती. दुरुस्तीला आलेल्या टोपलीत जुने पांघरूण घालून आई तिला निजवी, कारण टोपली झुलवता येई आणि दादांच्या नजरेसमोर राही. धाकटी वाढली, पण तिच्या ओठांवर शब्द काही आले नाहीत. पुढे तिला झटके येऊ लागले आणि त्यांतच ती गेली. अंगणातली भुकटी आणि धाकटीचे मुकेपण यांचा संबंध डॉक्टरांनी जोडून दाखवला तेव्हा जोडण्यासारखे काही उरले नव्हते. तिच्या मागोमाग आईही गेली. त्या घरात या विषयावर कुणी कधी एक वाक्य बोलले नव्हते. दादा दर थंडीत बागेच्या कुंपणाबाहेर उभे राहून सरळसोट फोकांचे भारे यंत्राच्या तोंडात जाताना बघत. एकदाच, पुष्कळ वर्षांपूर्वी, ते म्हणाले होते, “एक भारा दे की रे. हात शिवशिवतात.” त्याने नुसते बघितले होते. पुन्हा त्यांनी मागितले नाही.

त्या दिवशी साहेबांच्या पँटीतले पान पोत्यात गेले, फाटक बंद झाले आणि तो घरी आला. दाराबाहेरच्या नळावर त्याने कोपरांपर्यंत हात घासले, बूट झाकणाच्या पेटीत ठेवले, कपडे बदलले. आतून बायकोचा आवाज आला. “लवकर या हो आत. दादांनी बघा काय करून आणलंय!”

त्याची मुलगी पहिलटकरीण. तान्ह्याला घेऊन ती काही दिवसांसाठी आली होती. खोलीच्या मधोमध, खिडकीतून येणाऱ्या उतरत्या उजेडात, एक टोपली ठेवली होती. पांढरी, सोललेल्या फोकांची, लांबट, एका बाजूला डोक्यावर छपरी धरल्यासारखा वळवलेला काठ. वीण इतकी घट्ट आणि समान होती की ती कुणी विणली नसून पाण्यातून तशीच वर आली असावी असे वाटावे. आत पांघरुणावर बाळ मूठ चोखत निजले होते. दादा भिंतीशी बसकुरावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून. त्यांच्या बोळक्या तोंडावर इतक्या वर्षांत न दिसलेले काहीतरी होते. त्याला ते ओळखायला वेळ लागला. तो आनंद होता.

“दुपारपासून निजलाय,” मुलगी म्हणाली. “माझ्याजवळ पाच मिनिटं टिकत नाही लबाड. आजोबांच्या टोपलीत बघा कसा राजा झालाय.”

त्याने टोपलीच्या काठावर बोट ठेवले आणि लगेच उचलले. “वाळुंज आहे हा.”

“मग? बाभूळ विणायची होय रे?” दादा हसले.

“फोक कुठले?”

“आपल्याच झाडाचे,” म्हातारा म्हणाला. दात नसलेल्या तोंडातून शब्द ओले, मऊ होऊन आले. “आपल्याच झाडाचे आहेत, पोरा. काळजी नको. मी...”

“बाळाला उचल,” तो मुलीला म्हणाला.

“काय झालं, बाबा?”

“उचल आधी त्याला!”

मुलीने बाळाला असे उचलले जसे निखाऱ्यांतून उचलावे. ते दचकून रडू लागले. तिने त्याचे अंग, पाय, मुठी पदराला लागलेली धूळ झाडावी तशा हाताने झाडल्या. ती मूठ मघापासून तोंडात होती, हे तिला आणि त्याला एकदमच आठवले. दादा बसकुरावरून अर्धवट उठले होते. तिची ती झाडणारी बोटे बघून ते तसेच, ना उभे ना बसलेले, थांबले.

“अहो, नीट विचारा तरी त्यांना,” बायको म्हणाली. “तुमचं म्हणजे दुधानं तोंड पोळलं की...”

“काय विचारायचं? सांगितलं ना त्यांनी! बायकांच्या वेण्या सोडायला लावतो मी. साहेबांच्या पँटीतलं पान काढतो. आणि माझ्याच घरात...” तो वडिलांकडे वळला. “एकदा निजवून बघितलंत ना लेकराला टोपलीत? तेवढ्यानं भागलं नाही, दादा?”

ते वाक्य कुठून आले हे त्याला पुढे कधीच सांगता आले नाही. इतकी वर्षे ते घरात कुठेतरी खोल पडून होते; कुणी त्याला पाणी घातले नव्हते, तरी ते जिवंत होते. आले तेव्हा पूर्ण वाढलेले आले.

बाळ रडत होते. दादा पुन्हा खाली बसले. त्यांनी सांगायचे अर्धे वाक्य गिळले, ते कंठातून खाली उतरताना दिसलेसुद्धा.

“ने,” ते म्हणाले. “ने तुला कुठं न्यायची ती.”

टोपली दोन्ही हातांत, अंगापासून लांब धरून तो परत बागेत गेला. सूर्य मावळायचा होता. नियमाप्रमाणे ती पिंपात जायला हवी आणि पिंपाचे तोंड लहान, म्हणून मोडणे भाग होते. त्याने पाय देऊन दाबली. ती वाकली, कुरकुरली आणि पाय उचलताच पुन्हा आपल्या आकाराला आली. पुन्हा दाबली, पुन्हा आली. बॅटरीच्या पट्ट्या वाहणाऱ्या टोपल्या विणलेला हात होता तो. त्याने नाजूक वस्तू विणली तरी ती मोडायची म्हणून विणली नव्हती. शेवटी त्याने कोयता घेतला आणि एकेक उभा फोक तोडत गेला. वीण सुटत नव्हती; प्रत्येक फोक शेजारच्या दोघांना धरून होता. घाम पुसताना त्याला जाणवले की आपण हुंदके दिल्यासारखा श्वास घेत आहोत. बुडाचा हातभर तुकडा त्याने वेगळा काढून पिशवीत बंद केला. बाळ दुपारपासून त्यात होते. किती पोटात गेले असेल, ते कळायला हवे होते.

तपासणीच्या बाई दर पंधरवड्याला पानांचे आणि मातीचे नमुने न्यायला येत. बोलक्या होत्या, वयाने त्याच्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. त्याने पिशवी त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितले आणि ती नमुन्यांच्या पेटीत ठेवली.

पुढच्या खेपेला त्या फाटकाशीच थांबल्या. “तुमच्या त्या तुकड्यात काही नाही हो.”

“काही नाही म्हणजे?”

“शिसं नाही. कॅडमियम नाही. स्वच्छ आहे.”

“साल काढलेली होती म्हणून असेल.”

“तेही बघितलं मी. शिसं तसं आळशी असतं, वर चढायचा कंटाळा त्याला. मुळाशीच बसून राहतं. म्हणून तर शेवटी मुळंसुद्धा उपटायची आहेत आपल्याला. पण कॅडमियम चढतं. आपल्या बागेतला फोक सोलून, धुऊन आणला तरी थोडं सापडतंच. यात तेवढंही नाही.”

“यंत्र चुकलं असेल तुमचं. पुन्हा बघा.”

“दोनदा बघितलं.”

“तिसऱ्यांदा बघा की, बाई!” तो जवळजवळ ओरडलाच. इतकी वर्षे माती स्वच्छ निघावी म्हणून ज्याचा जीव टांगणीला लागे, तो माणूस आज विष निघावे म्हणून गयावया करत होता. बाईंना ते कळले की नाही कोण जाणे. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “हा फोक इथला नाहीच, काका. दुसऱ्या कुठल्या तरी झाडाचा आहे.”

झाडाचा. त्याला कुणीतरी कानशिलावर हलके टिचकी मारल्यासारखे झाले.

ओढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर दादांच्या एका जुन्या न्हावी मित्राचे दुकान होते. न्हावीकाकांचे हातही आता दादांसारखेच थरथरत. गिऱ्हाईक म्हणून फक्त असे म्हातारे येत ज्यांचे डोळे अधू झाले होते. दादा रोज फिरायला म्हणून निघत ते इथेच येऊन बसत, हे त्याला ठाऊक होते. तो आत शिरला तेव्हा न्हावीकाका आरशासमोरच्या खुर्चीत स्वतःच पेंगत होते.

“या, चाळणीसाहेब,” ते डोळे न उघडता म्हणाले. “झडती घ्यायला आलात? घ्या. केर अजून काढायचाय.”

“काका, दादांनी फोक कुठून आणले होते?”

“आता विचारतोस?” त्यांनी डोळे उघडले. “बैस. नाहीतर उभाच राहा. तुम्हा लोकांचं आधी कापणं आणि मग मोजणं. आमच्या धंद्यात असं केलं असतं तर गावभर कान पडले असते.”

तो उभाच राहिला.

“तुमचं जुनं घर होतं ना, वर, झऱ्यापाशी? त्याच्या मागं तुझ्या आईनं तू झालास तेव्हा फोक खोचला होता. आठवतं तरी का? झाड आहे अजून. घर पडलं, झाड आहे. तिकडचे आणले त्यानं. गेल्या थंडीत रोज थोडे थोडे. मी म्हटलं, अरे येड्या, ती चढण तुझ्यानं चढवत नाही, पाय बघ भोपळ्यासारखे सुजलेत. पोरगा बागेचा राजा आहे, भारेच्या भारे फुकट जातात, माग की त्याच्याकडं. तर म्हणाला, ‘त्या झाडांचे नकोत. एकदा झालं तेवढं पुरे.’”

न्हावीकाकांनी मागच्या दाराकडे बोट केले. तिथे छपराखाली एक रिकामे पत्र्याचे पिंप उभे होते. “त्यात उभे केले फोक. पालवी फुटली तेव्हा सोलले, सगळे एकट्यानं. मग उन्हाळाभर विणत बसला. दोन वेळा उसवली. हात धुतल्याशिवाय फोकाला शिवायचा नाही. माझा साबण संपवला म्हाताऱ्यानं! मी म्हटलं, लग्न आहे का रे त्या टोपलीचं? तर हसायचा. पुष्कळ हसला या उन्हाळ्यात.” त्यांनी डोळे पुन्हा मिटले. “जा तू. माझं डोकं नको फिरवू. आम्ही पिकली पानं. आज ना उद्या तुझ्या त्या निळ्या पोत्यातच भरशील आम्हाला.”

रस्त्याने परतताना तो ते शब्द पुन्हा पुन्हा ऐकत राहिला. आपल्याच झाडाचे. आपल्याच झाडांचे. लिहिताना अक्षराच्या डोक्यावर एक ठिपका, बोलताना नाकातून निसटता एक सूर. बोळक्या तोंडाने तर तो असला काय आणि नसला काय. पण तो नव्हता. म्हातारा झाडाचे म्हणाला होता, एका झाडाचे. आपण झाडांचे ऐकले, कारण आपल्या जगात वाळुंज म्हणजे त्या रांगा आणि रांगा म्हणजे विष. ज्या झाडावरून पहिले फोक आपण खांद्यावर आणले, आईने आपल्या नावाने लावलेले, ते झाड कुठेतरी नुसतेच झाड म्हणून उभे असेल, कुणाचे काही न पिता, हे आपल्याला आठवलेही नाही.

घरी दादा खिडकीशी बसले होते. मुलगी बाळाला घेऊन तिच्या घरी परत गेली होती. जाताना आजोबांना वाकून भेटली होती, पण बाळाला त्यांच्या मांडीवर द्यायचे तिला सुचले नव्हते, किंवा सुचूनही धीर झाला नव्हता. तो वडिलांसमोर जमिनीवर बसला.

“न्हावीकाकांकडे गेलो होतो.”

“हं.”

“टोपलीचं चुकलं, दादा.”

म्हातारा बाहेर बघत होता. टोपलीचे चुकले, एवढेच त्याला म्हणता आले. दुसऱ्या त्या वाक्याबद्दल बोलायचे तर ते पुन्हा उच्चारावे लागले असते. ते उच्चारल्यावाचून परत घेता येत नव्हते, आणि उच्चारण्याइतका निर्दय तो दुसऱ्यांदा होऊ शकत नव्हता. ते जिथे होते तिथेच राहिले, मुळाशी.

“पोरीला सांगितलंस?” दादांनी विचारले.

“फोन केला. रडली. म्हणाली, आजोबांना सांगा, दुसरी विणा.”

“आत्ता कशी विणू?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, धंद्यातली एक साधी गोष्ट समजावून सांगण्याचा सूर होता. “अजून झाडावर पानं आहेत. पान असताना फोक कापू नये, पिचतो. झडू देत सगळी. थंडीत बघू.”

“मी आणीन.”

“आण.” मग ते म्हणाले, “तोवर बाळ मोठं होईल म्हणा. टोपलीत मावायचं नाही.”

“दुसरं होईल की पुढंमागं.”

“होईल,” दादा म्हणाले. “त्यांचं काय, होत राहतं.”

थंडी आली. बागेत कापणी सुरू झाली, यंत्र दिवसभर दात खात राहिले. एका सुटीच्या सकाळी तो ओढ्याच्या काठाने वर चढत गेला. चढण खरेच अवघड होती. दोनदा बसावे लागले. जुन्या घराचे जोते गवताखाली गेले होते. त्याच्या मागे, झऱ्याच्या ओलीत, ते झाड होते, बागेतल्या कुठल्याही झाडापेक्षा जाड, वाकडे, खोडाला भेगा पडलेले, निष्पर्ण. जवळ जाऊन त्याने फांद्या चाचपल्या. गेल्या थंडीतल्या कापाच्या जागा अजून ओळखू येत होत्या. एकेक काप तिरका, एका घावात घेतलेला, फांदीशी कोंबाचा डोळा राखून. आणि प्रत्येक कापाखालून नवा फोक उंच गेला होता. हात थरथरणाऱ्या माणसाने ते काप घेतले आहेत यावर कुणी विश्वास ठेवला नसता. तो कितीतरी वेळ कोयता हातात धरून उभा राहिला. मग जमेल तसे कापले.

घरामागच्या अंगणात त्याने पत्र्याच्या पिंपात पाणी भरले आणि फोक उभे केले. दादांना हाताला धरून बाहेर आणले. आता त्यांना उन्हातही कापरे भरे. त्यांनी एक फोक बाहेर ओढून अंगठा बुडापासून शेंड्यापर्यंत नेला, डोळे मिटून, एखाद्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.

“आखूड कापलेस,” ते म्हणाले. “आणि हे काय, उंदरानं कुरतडल्यासारखं?”

“मला कुठं येतं?”

“कसं येईल! सारा जन्म फोक यंत्रात घातलेस तू.” बोळके तोंड किंचित हलले. तो हसू लागला, तेव्हा तेही हसले. “चालतील. आता हात नाही लावायचा. पालवी फुटू दे. आत रस चढला की साल आपोआप सुटते, नुसतं धरून ओढायची. मी दाखवीन.”

त्यांनी ओला हात पुसला नाही. तसाच त्याच्या खांद्यावर ठेवून ते घरात गेले.

पालवी फुटायच्या आधीच दादा गेले. फार आजारी पडले नाहीत. एका सकाळी चहा थंड होत राहिला, एवढेच. न्हावीकाका आले, त्यांनी थरथरत्या हातांनी आपल्या मित्राची अखेरची दाढी केली आणि त्याच्या मुलाशी एक शब्दही न बोलता परत गेले. मुलगी बाळाला घेऊन आली. बाळ आता बसत होते, हाताला येईल ते ओढत होते. ती पिंपापाशी जाऊन उभी राहिली.

त्यानंतरच्या उबदार दिवसांत फोकांवर आधी राखाडी, मऊ कळ्या दिसू लागल्या आणि मग पाने. साल सोलायची वेळ आली आणि निघून गेली. कुठे धरायचे, कसे ओढायचे, कुणी दाखवले नव्हते. एकदा त्याने प्रयत्न केला तेव्हा सालीबरोबर फोकही फाटला. मग तो फक्त पाणी घालत राहिला. पिंपात वाकून बघितले तर फोकांच्या बुडांना पांढरी, केसांसारखी मुळे फुटून ती एकमेकांत गुंतत चालली होती. आता कुणी वेगळे करू म्हटले असते तर तुटलीच असती. कुणी शिकवले नसताना पाण्यात एक वीण घट्ट होत होती.

“हे असंच ठेवायचं का?” बायकोने एकदा विचारले. “लावून टाका कुठंतरी. वर झऱ्याकडं.”

“लावू.”

पण उन्हाळा सरेपर्यंत ते लावले गेले नाहीत. बागेत पुन्हा जाळ्या ताणल्या गेल्या. दिवसभर तो फाटकाशी बाह्या झटकायला सांगत राहिला; हल्ली जरा हळू आवाजात, असे बायका म्हणत.

एका संध्याकाळी तो घरामागे नळावर हात धूत होता. वारा नव्हता. पिंपातल्या फोकांवरून एक पान सुटले, हवेत दोनदा कूस बदलून खाली आले आणि ओल्या मातीवर, त्याच्या पायापाशी टेकले. लांबट, कडेने पिवळे. त्याचा हात आपोआप खाली गेला. चिमटीत पान धरून तो उभा राहिला आणि दुसऱ्या हाताने कमरेशी निळे पोते चाचपू लागला. पोते नव्हते. तो अंगणात होता.

त्याने पान उजेडाकडे धरून बघितले. मग वाकून, जिथून उचलले होते तिथेच, मातीवर परत ठेवले.